वाहनांतील फेरफार आणि विम्याचें इमान



आजच्या भाषणाचा विषय प्रथमदर्शनीं फार लहान वाटेल. आपण मोटारगाडी घेतों, तिचा विमा उतरवितों, आणि पुढें केव्हां तरी त्या गाडींत कांहीं फेरफार करतों. कोणी पेट्रोलच्या गाडीस गॅसचें किट बसवितो, कोणी मागें जादा बाक टाकतो, कोणी मूळचीं चाकें काढून रुंद चाकें लावतो. हा फेरफार विमा कंपनीस कळविला पाहिजे काय, आणि न कळविल्यास काय होतें, एवढाच प्रश्न. कचेरींतील कारकुनानें दोन वाक्यांत उत्तर देऊन मोकळें व्हावें असा तो आहे. परंतु ज्याचें आयुष्य मुलांस इतिहास शिकविण्यांत गेलें, त्यास अशा लहान प्रश्नाच्या पाठीमागें बहुधा एक लांब वाट दिसूं लागते. आणि ही वाट तर आमच्या धाराशिव जिल्ह्यांतूनच निघते.

धाराशिव शहराच्या जवळच, तेरणा नदीच्या कांठीं, तेर नांवाचें गांव आहे. वारकरी मंडळी त्यास गोरोबाकाकांचें गांव म्हणून ओळखतात. इतिहासाचे अभ्यासक त्यास प्राचीन 'तगर' म्हणून ओळखतात. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत ग्रीक भाषेंत लिहिलेल्या 'पेरिप्लस' नांवाच्या व्यापारी ग्रंथांत पैठण आणि तगर या दोन पेठांचा उल्लेख आहे. तगर हें पैठणपासून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असून, तेथील कापड गाड्यांत भरून, धड रस्ताही नाहीं अशा मुलुखांतून भडोच बंदरास जात असे, असें तो ग्रंथकार सांगतो. भडोचाहून पुढें जहाज आणि समुद्र.

आतां या गाड्यांबरोबर जाणाऱ्या व्यापाऱ्यानें घरून निघतांना सावकाराकडून भांडवल उचललें असेल, तर सावकारानें त्यास व्याज कोणत्या दरानें लावावें? याचें उत्तर याज्ञवल्क्यस्मृतींत आहे. तारण ठेवून घेतलेल्या कर्जास दरमहा ऐशीवा भाग, म्हणजे शेंकडा सव्वा, व्याज तींत सांगितलें आहे. परंतु रानावनांतून जाणाऱ्या व्यापाऱ्यानें शेंकडा दहा, आणि समुद्रावर जाणाऱ्यानें शेंकडा वीस द्यावें, असा नियम घालून दिला आहे. या स्मृतीवरील 'मिताक्षरा' ही विख्यात टीका विज्ञानेश्वरानें चालुक्यांच्या कल्याणीस लिहिली, आणि तें कल्याण म्हणजे आमच्या उमरगा तालुक्याच्या सीमेपलीकडील आजचें बसवकल्याण होय. दर एवढा चढण्याचें कारण उघड आहे. रानांत व्याघ्र आणि चोर, समुद्रांत वादळ. व्याजाची गोष्ट दूरच, मुद्दलच बुडण्याचें भय.

हा विमा नव्हे, हें मला माहीत आहे. परंतु विम्याचा जो गाभा, तो येथें स्पष्ट दिसतो. जसा धोका, तसा दर. आणि या गाभ्यांतच एक अडचण दडलेली आहे. व्यापारी कोणत्या वाटेनें जाणार हें सावकारास कोण सांगणार? जाणारा स्वतःच! घरीं बसून धंदा करतों असें सांगून सव्वा टक्क्यानें पैसे उचलावे, आणि भडोचास जाऊन जहाजांत पाय ठेवावा, असें कोणी केलें, तर त्यानें नुसतें खोटें सांगितलें असें नव्हे; त्यानें वीसाचा धोका सव्वाच्या भावानें दुसऱ्याच्या गळ्यांत बांधला. तेरच्या गोरोबाकाकांची थापटणी सर्वांस ठाऊक आहे. कोणतें मडकें कच्चें आणि कोणतें पक्कें, हें कुंभार वाजवून पाहूं शकतो. जोखीम घेणाऱ्याच्या हातीं अशी थापटणी नसते. त्यास मडक्याच्याच शब्दावर विश्वास ठेवावा लागतो.

आमच्या मराठी मुलुखांतही जोखमीचा व्यवहार जुना आहे. 'हुंडेकरी' हें आडनांव आजही ऐकूं येतें. ठराविक मोबदला घेऊन माल मुक्कामीं पोंचविण्याचें, आणि वाटेंतील जकाती भागविण्याचें काम अंगावर घेणारा तो हुंडेकरी. पेढ्यांवर 'जोखमी हुंडी' म्हणून एक प्रकार चालत असे. माल सुखरूप पोंचला तरच तिचे पैसे द्यावयाचे, वाटेंत बुडाला तर नाहीं. हुंडी आणि विमा हे दोन्ही एकाच कागदांत आले. असा कागद लिहून घेणारा गृहस्थ माल कसला, वाट कोणती, सोबत कोण, हें विचारल्यावांचून राहत नसे, हें सांगावयास नकोच.

आतां थोडें दूर, लंडनला जाऊं. कारण आज आपण ज्या विमापत्रावर सही करतों त्याचा कायदा तेथें घडला. सतराव्या शतकाच्या अखेरीस एडवर्ड लॉइड नांवाच्या गृहस्थाच्या कॉफीच्या दुकानांत जहाजांचे मालक आणि जोखीम घेणारे धनिक जमूं लागले. जहाज सात समुद्रांपलीकडे. जोखीम घेणारा लंडनांत. त्यानें तें जहाज कधीं डोळ्यांनीं पाहिलेलेंही नसे. या व्यवहारास न्यायालयाकडून नियम मिळाला तो १७६६ सालीं, आणि तोही एका किल्ल्याच्या खटल्यांत.

सुमात्रा बेटावर बेंकूलेन येथें ईस्ट इंडिया कंपनीचा फोर्ट मार्लबरो नांवाचा किल्ला होता. जॉर्ज कार्टर हा तेथील गव्हर्नर. परकीय शत्रूनें किल्ला घेतल्यास नुकसान भरून मिळावें म्हणून त्यानें लंडनमधील आपल्या भावामार्फत दहा हजार पौंडांचा विमा उतरविला. १७६० सालच्या मे महिन्यांत लंडनमध्यें विमापत्रावर सही झाली. तिकडे एप्रिलमध्येंच फ्रेंचांनीं किल्ला घेतलेला होता, पण ती बातमी अद्याप समुद्रावरच होती. पुढें पैसे देण्याची वेळ आली तेव्हां जोखीम घेणाऱ्या बोएम नांवाच्या गृहस्थानें हरकत घेतली. किल्ला केवळ स्थानिक लोकांस थोपविण्यापुरता होता, युरोपियन फौजेपुढें तो टिकणार नव्हता. फ्रेंचांच्या हल्ल्याचा संभवही गव्हर्नरास कळलेला होता. आणि या दोन्ही गोष्टी त्यानें लपविल्या, असें त्याचें म्हणणें.

न्यायमूर्ति लॉर्ड मॅन्सफील्ड यांनीं या खटल्यांत जें तत्त्व सांगितलें तें आज जगभर शिकविलें जातें. विमा हा तर्कावर चालणारा करार आहे; ज्या गोष्टींवरून धोक्याचें माप काढावयाचें त्या बहुतेक विमेदारासच ठाऊक असतात; म्हणून त्यानें त्या उघड केल्या पाहिजेत. लपविल्यास करार रद्द. यासच 'परम सद्भावाचें तत्त्व' म्हणतात. एवढें ऐकून श्रोत्यांस वाटेल कीं, गव्हर्नर खटला हरला. पण निकाल त्याच्याच बाजूनें लागला! न्यायमूर्तींचें म्हणणें असें कीं, सद्भावाचें बंधन दोन्ही पक्षांवर आहे. दूरच्या किल्ल्याची अवस्था कशी असते हें लंडनच्या व्यापाऱ्यास सहज कळण्याजोगें होतें. शंका होती तर त्यानें विचारावयाचें होतें. विचारावयाचें नाहीं, हप्ता खिशांत घालावयाचा, आणि नुकसान झालें म्हणजे 'तुम्ही सांगितलें नाहीं' म्हणून ओरडावयाचें, हें न्यायाला धरून नाहीं.

या निकालाच्या दोन धारा आहेत: एक 'सांगा' म्हणते, दुसरी 'विचारा' म्हणते. पुढील दीडशें वर्षांत पहिली धार घासून घासून तीक्ष्ण करण्यांत आली, आणि दुसरी गंजत पडली. विमा कंपन्यांनीं छापील प्रस्तावपत्रकें काढलीं, व त्यांच्या तळाशीं एक वाक्य घातलें कीं, वरील सर्व उत्तरें हाच या कराराचा पाया होय. या वाक्यांत किती सामर्थ्य होतें हें १९२२ सालीं ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायपीठापुढें, हाउस ऑफ लॉर्ड्समध्यें, दिसून आलें. ग्लासगो शहरांतील डॉसन्स नांवाच्या कंत्राटदार कंपनीची एक मोटार-लॉरी आगींत जळाली. लॉरी रात्रीं कोठें ठेवतां, या प्रश्नास अर्जांत शहरांतील कचेरीचा पत्ता दिला गेला होता. प्रत्यक्षांत ती शहराबाहेरील एका शेतावर ठेवीत. ही चूक अनवधानानें झालेली होती, आणि तिच्यामुळें धोका वाढला असेंही नव्हतें. तरीही पाया चुकला म्हणून इमारत कोसळली, आणि कंपनीस एक पैही द्यावी लागली नाहीं. मोटारीच्या विम्यांतील प्रस्तावपत्रक हें केवढें जड शस्त्र आहे, हें दाखविणारें याहून बोलकें उदाहरण मला ठाऊक नाहीं.

आतां पुन्हां आपल्या मुलुखांत येऊं. ब्रिटिश हिंदुस्थानासाठीं १९३९ सालीं मोटार वाहनांचा कायदा झाला. आणि रस्त्यावरील तिऱ्हाइतास इजा झाल्यास त्याला भरपाई मिळावी म्हणून त्या कायद्यांत घातलेली विम्याची सक्ति १ जुलै १९४६ पासून अमलांत आली. त्या काळीं सोलापूर ब्रिटिश मुलुखांत होतें, आणि तुळजापूर, धाराशिव निजामाच्या हैदराबाद संस्थानांत. दोहोंमध्यें अंतर जेमतेम पंचेचाळीस किलोमीटर. देवीच्या दर्शनास सोलापुराहून निघालेली मोटार वाटेंतच एका राज्याच्या कायद्यांतून दुसऱ्या राज्याच्या कायद्यांत शिरत असे. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं संस्थान भारतांत विलीन होण्याचा मार्ग मोकळा झाला. १९५६ सालीं हा जिल्हा मुंबई राज्यांत, व १९६० सालीं महाराष्ट्रांत आला. १ जानेवारी १९७३ पासून सर्वसाधारण विम्याचा धंदा राष्ट्राच्या मालकीचा होऊन चार सरकारी कंपन्यांकडे गेला. १९९९ च्या कायद्यानें खाजगी कंपन्यांस पुन्हां दार उघडलें. मोटार वाहनांचा आजचा मूळ कायदा १९८८ चा. एवढीं स्थित्यंतरें झालीं, तरी परम सद्भावाचें तत्त्व मात्र जागचें हललें नाहीं.

गाडींतील फेरफारांचे या कायद्याच्या दृष्टीनें तीन वर्ग पडतात, ते नीट ध्यानांत घेतले पाहिजेत.

पहिला वर्ग मनाई असलेल्या फेरफारांचा. २००० सालीं या कायद्याच्या ५२ व्या कलमांत दुरुस्ती झाली, आणि कारखानदारानें ठरवून दिलेल्या मूळ तपशिलाशीं विसंगत होईल असा बदल करण्यास मालकास बंदी झाली. जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें हाच अर्थ कायम केला. त्याच वर्षीं झालेल्या दुरुस्तीनें अशा प्रत्येक बदलास पांच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. गाडीचा सांगाडा वाढविणें, प्रवाशांसाठीं वाटेल तसे बाक टाकणें, हे प्रकार या वर्गांत मोडतात. समोर बसविण्यांत येणारे जाड लोखंडी गार्ड, ज्यांस बोलण्यांत 'बुल-गार्ड' म्हणतात, त्यांवरही केंद्र सरकारनें डिसेंबर २०१७ मध्यें कारवाईचे आदेश दिले. कारण ते गाडी वांचवितात, पण पायीं चालणाऱ्याचा जीव घेतात.

दुसरा वर्ग परवानगीनें करावयाच्या फेरफारांचा. पेट्रोलच्या गाडीस मान्यताप्राप्त गॅसचें किट बसविणें, हें याचें ठळक उदाहरण. कायद्यानें त्यास वाव ठेवला आहे. मात्र परिवहन कचेरींत, म्हणजे आपल्या बोलण्यांतील आर. टी. ओ. मध्यें, त्याची वर्दी देऊन आर. सी. बुकावर नोंद करून घ्यावी लागते. विम्याच्या बाजूनेंही याचा हिशेब ठरलेला होता. २००२ सालच्या अखिल भारतीय मोटार-दरपत्रकांत, किटची किंमत विमेदारानें स्वतः जाहीर करावी आणि त्या किमतीवर शेंकडा चार जादा हप्ता भरावा, असा नियम होता. म्हणजे तीस हजारांच्या किटास वर्षाला बाराशें रुपये. २००७ सालापासून दर ठरविण्यास कंपन्या मोकळ्या झाल्या, तरी किट जाहीर करण्याची रीत कायम आहे. गॅसच्या टांकीनें आगीचा धोका बदलतो, आणि दर धोक्यामागें जातो. तगरच्या व्यापाऱ्याचाच हा हिशेब.

तिसरा वर्ग केवळ किंमत वाढविणाऱ्या वस्तूंचा. गाणीं ऐकण्याचें यंत्र, जादा दिवे, भारी चाकें, अशा ज्या वस्तु कारखान्याच्या किमतींत धरलेल्या नसतात, त्या स्वतंत्रपणें जाहीर केल्या नाहींत तर चोरी झाल्यावर त्यांची भरपाई मागतां येत नाहीं. ज्याचा हप्ताच भरला नाहीं त्याची भरपाई कशी मिळणार?

आतां न सांगितल्यास काय होतें तें पाहूं. समजा, उमरग्याच्या एका शेतकऱ्यानें घरच्या वापरासाठीं म्हणून जीप घेतली, आणि नवरात्रांत यात्रेकरू नेतां यावे म्हणून तींत आडवे बाक बसविले. हप्ता खाजगी गाडीचा. धोका भाड्याच्या गाडीचा. नळदुर्गच्या वळणावर गाडी उलटली. स्वतःच्या गाडीच्या भरपाईसाठीं तो कंपनीकडे गेला म्हणजे कंपनीचा तपासनीस प्रथम बाक मोजतो. कंपनी मागणी फेटाळूं शकते. २०१० सालीं अमलेंदु साहू यांच्या प्रकरणांत, खाजगी वापराची अट मोडल्याचा आक्षेप असतांही, मागणी सरसकट फेटाळणें सर्वोच्च न्यायालयानें मान्य केलें नाहीं, आणि कांहीं रक्कम देण्यास सांगितलें. अशा अटीच्या भंगांत पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत देतां येतें असे दंडक त्यांत आधारास घेतले होते. पण तो दिलासा अटीच्या भंगाचा आहे. प्रस्तावांतच महत्त्वाची गोष्ट लपविली असेल तर विमापत्राच्या मुळावरच घाव पडतो.

आणि गाडीखालीं सांपडलेल्या तिऱ्हाइताचें काय? त्याच्या बाबतींत कायदा अधिक दयाळू आहे. कंपनीस बचावाचीं कारणें मोजकींच ठेवलीं आहेत. महत्त्वाची गोष्ट लपविणें हें त्यांपैकीं एक आहे. पुष्कळ प्रकरणांत न्यायालयें असा हुकूम देतात कीं, कंपनीनें प्रथम जखमीस अथवा मृताच्या वारसांस पैसे द्यावे, आणि मग ते गाडीच्या मालकाकडून वसूल करावे. ही वसुली मालकाच्या घरादारापर्यंत जाऊं शकते. चार बाकांच्या भाड्यासाठीं शेत गहाण पडावें, अशी ही गोष्ट आहे.

येथवर मी विमेदारासच दोष देत आहें असें वाटेल. परंतु त्या १७६६ च्या निकालाची दुसरी धार मी विसरलों नाहीं. आमच्याकडे अर्ज बहुधा इंग्रजींत असतो. तो एजंट भरतो. मालक दाखविलेल्या जागीं सही करतो. गाडींत कांहीं बदल केला आहे काय, हा प्रश्न त्यास कोणी समजेल अशा भाषेंत विचारलेलाच नसतो. मग नुकसान झाल्यावर 'तुम्ही सांगितलें नाहीं' असें म्हणणें, हें मॅन्सफील्डसाहेबांनीं ज्यास अन्याय म्हटलें तेंच नव्हे काय? ब्रिटननें ही चूक ओळखली. तेथें २०१२ सालीं कायदा होऊन, सामान्य ग्राहकानें विचारलेल्या प्रश्नांचीं उत्तरें वाजवी काळजी घेऊन द्यावीं, एवढेंच त्याचें कर्तव्य ठरलें. आपण होऊन सर्व कांहीं सांगण्याचें ओझें त्याच्या माथ्यावरून उतरलें. डॉसन्स कंपनीस ज्या 'पायाच्या' वाक्यानें बुडविलें, तेंही ग्राहकांच्या विम्यापुरतें त्याच कायद्यानें आणि उरलेल्या विम्यांत २०१५ च्या कायद्यानें निकालांत निघालें. भारतांत असा सर्वंकष कायदा झालेला नाहीं. तथापि आमच्या सर्वोच्च न्यायालयानें १९९६ सालीं स्पष्ट सांगितलें आहे कीं, सद्भावाचें बंधन कंपनीवरही तितकेंच आहे. तसेंच, छापील अर्ज न वापरतां तोंडी माहिती घेतली असेल तर कंपनीनें ती लिहून पंधरा दिवसांत ग्राहकाकडून खात्री करून घ्यावी, आणि नोंद नसलेल्या माहितीच्या पुराव्याचा भार कंपनीवर राहील, असा नियम विमा नियामक प्राधिकरणानें २००२ सालीं घातला होता.

तेव्हां गृहस्थानें करावें काय? बदल करण्यापूर्वीं तो कायद्यास मान्य आहे काय हें पाहावें. मान्य असेल तर आर. टी. ओ. ची नोंद आणि विमा कंपनीस पत्र, हीं दोन्ही कामें गाडी रस्त्यावर काढण्यापूर्वीं उरकावीं. पत्र मराठींत लिहिलें तरी चालेल, पण लेखी असावें. त्याची पोंच घ्यावी, आणि विमापत्रावर पुरवणी-नोंद होऊन आली कीं नाहीं तें स्वतः वाचून पाहावें. एजंटास तोंडीं सांगितलें म्हणजे कंपनीस कळविलें, असें समजूं नये. जुनी गाडी विकत घेणारानें तर अधिक जपावें; पहिल्या मालकानें केलेला फेरफार नव्या विमापत्रांत नव्या मालकाच्या नांवें लपविल्यासारखा होतो. दरवर्षीं विमा नवा करतांना हाच प्रश्न स्वतःस पुन्हां विचारावा. आणि सर्व सांगूनही कंपनीनें अन्याय केला, तर ग्राहक आयोग आहे, पुण्यास विमा लोकपालांची कचेरी आहे. तेथें ती पोंच दाखवितां येते.

विमा म्हणजे शेवटीं पुष्कळांनीं मिळून भरलेली एक कणगी आहे. ज्याच्या घरावर आपत्ति येईल त्यानें तींतून मापानें धान्य न्यावें, एवढाच तिचा अर्थ. जो आपल्या वाट्याचें माप खोटें सांगतो तो कंपनीस फसवितो असें त्यास वाटतें. वास्तविक तो शेजाऱ्याच्या वाट्यांतून काढीत असतो. आणि जी कंपनी कणगी भरतांना गप्प बसून देण्याच्या वेळीं तोंड उघडते, ती तर कणगीच्या राखणदारानेंच हात मारावा तसें करते. दोन्ही बाजूंनीं इमान राहिलें तर बाराशें रुपयांच्या जादा हप्त्यांत एका कुटुंबाचें शेत वांचतें.